वाचकांचे प्रश्न : शरीरातले यंत्र, त्याची वायरलेस वाट आणि आपली सही

मागील अंकात शरीरात बसवायच्या आणि अंगावर बाळगायच्या वैद्यकीय उपकरणांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत उपकरणाच्या उपयोगाबद्दल फारच थोडे विचारले गेले. बहुतेकांना जाणून घ्यायचे होते ते हे की, या उपकरणांचा मोबाइलशी आणि इंटरनेटशी जो संबंध असतो त्यात धोका किती, आणि त्या धोक्याला आपण संमती दिली ती केव्हा. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर बसवायचे ठरले आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सहीसाठी आलेल्या कागदांत तिसऱ्या पानावर 'दूरस्थ देखरेखीस व त्यासाठी माहिती पाठवण्यास माझी हरकत नाही' असे एक वाक्य होते. त्याबद्दल विचारले तेव्हा 'ते नेहमीचेच आहे' एवढेच उत्तर मिळाले. या वाक्याने आम्ही कशाला परवानगी दिली? आणि पेसमेकर हॅक करता येतो असे ऐकतो, ते कितपत खरे आहे?

उत्तर : संमतीपत्राच्या तिसऱ्या पानापर्यंत पोचणारे वाचक थोडेच असतात, आपण पोचलात, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

पेसमेकर बाहेरच्या जगाशी दोन वेगवेगळ्या वाटांनी बोलतो. पहिली वाट दवाखान्यातली. तेथे छातीवर एक चकतीसारखा भाग धरून 'प्रोग्रॅमर' नावाच्या संगणकातून पेसमेकरच्या नोंदी वाचल्या जातात आणि ठोक्यांची गती वगैरे गोष्टी बदलल्या जातात. दुसरी वाट घरातली. उशाशी ठेवलेली एक पेटी किंवा मोबाइलवरील ॲप, बहुधा रात्री झोपेत, पेसमेकरमधील नोंदी घेते आणि त्या उत्पादक कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. दवाखान्यातील डॉक्टर त्या तेथून पाहतात. आज वापरात असलेल्या बहुतेक पेसमेकरमध्ये या दुसऱ्या वाटेने नोंदी फक्त बाहेर जातात, ठोक्यांची गती बदलता येत नाही. तिसऱ्या पानावरचे वाक्य या दुसऱ्या वाटेबद्दल आहे. ते परवानगी मागते. परंतु नोंदी कोणत्या देशातील सर्व्हरवर राहतील, किती वर्षे राहतील, कंपनी त्या संशोधनासाठी वापरील का, आणि रात्री दोन वाजता धोक्याची सूचना आली तर ती त्या क्षणी कोणी पाहणार आहे का, यांपैकी काहीही ते सांगत नाही. शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. दूरस्थ देखरेख ही रुग्णवाहिकेसारखी तातडीची सेवा नसते. आलेल्या सूचना सामान्यतः दवाखान्याच्या कामाच्या वेळेत पाहिल्या जातात. 'यंत्र पाहते आहे' म्हणून छातीत दुखत असताना सकाळपर्यंत थांबणे हा हॅकरपेक्षा कितीतरी जवळचा धोका आहे.

आता हॅकिंगविषयी. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने प्रयोगशाळेत, कोणत्याही रुग्णाच्या शरीरात नसलेल्या एका डिफिब्रिलेटरवर (हृदयाची लय घातक रीतीने बिघडली की विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणणारे, शरीरात बसवायचे यंत्र), अगदी जवळून रेडिओ संदेश पाठवून त्यातील माहिती वाचता येते आणि त्याचे काम बदलता येते, हे दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डिफिब्रिलेटरमधील वायरलेस सोय डॉक्टरांनी बंद करून ठेवली होती. ही गोष्ट २०१३ मध्ये त्यांच्या मुलाखतीतून बाहेर आली. मार्च २०१९ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या अनेक डिफिब्रिलेटरच्या संदेशवहनात, समोरचे यंत्र खरे की तोतया हे पडताळण्याची सोयच नाही आणि संदेश कूटरूपातही नाहीत, असे अमेरिकी सरकारने जाहीर केले. म्हणजे कच्चे दुवे खरे आहेत. मात्र कोणी मुद्दाम शिरकाव करून शरीरातील यंत्राद्वारे रुग्णाला इजा केली, अशी सिद्ध झालेली घटना आजवर जाहीर झालेली नाही, आणि २०१९ च्या त्या सूचनेतही रुग्णांनी उपकरण व घरची पेटी वापरत राहावे असाच सल्ला होता. हृदयाच्या लयीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्येच दूरस्थ देखरेख ही अशा सर्व रुग्णांची नेहमीची काळजी मानावी, असे सुचवले होते, कारण यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेतील बिघाड किंवा लयीतील घातक बदल त्यामुळे लवकर कळतात.

त्यामुळे वडिलांना पेसमेकर बसवावा की नाही या प्रश्नात हॅकरला जागा देऊ नये. सही करण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना हे जरूर विचारावे : हे यंत्र घरून केवळ वाचले जाते की बदलताही येते, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला तर आम्हाला कोण कळवणार, कंपनी की दवाखाना, दूरस्थ देखरेख नको म्हटले तर उपचार तसेच चालू राहतील ना. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तरच ती संमती मोकळ्या मनाची म्हणता येईल. उपचाराच्या संमतीत घुसवलेली माहितीच्या वहनाची संमती ही संमती नव्हे. ती दोन स्वतंत्र वाक्ये असावीत आणि दोन स्वतंत्र सह्या असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या पेसमेकरला सहा वर्षे झाली. त्याचे सॉफ्टवेअर पुढे बदलावे लागेल, असे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आता दवाखान्यातून पत्र आले आहे की सुरक्षिततेसाठी त्याचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्यावे. मोबाइलचे अपडेट फसल्यावर तो कसा बंद पडतो हे मी पाहिले आहे. छातीतला पेसमेकर तसा बंद पडला तर काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि तिला आकड्यांत उत्तर देता येईल असे एक उदाहरण उपलब्ध आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ॲबट कंपनीने, पूर्वी सेंट ज्यूड मेडिकल या नावाने विकल्या गेलेल्या पेसमेकरसाठी, असेच अपडेट आणले. केवळ अमेरिकेत असे सुमारे ४,६५,००० पेसमेकर होते. अपडेट घरून होत नव्हते. रुग्णाला दवाखान्यात यावे लागे आणि प्रोग्रॅमरने सुमारे तीन मिनिटांत काम होई. त्या तीन मिनिटांत पेसमेकर आपल्या नेहमीच्या सेटिंगवर न चालता मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव गतीवर चालत असे.

कंपनीने डॉक्टरांना पाठवलेल्या पत्रात आधीच्या अनुभवावरून धोक्याचे आकडेही दिले होते. अपडेट अर्धवट राहून जुनेच फर्मवेअर परत येण्याची शक्यता ०.१६१ टक्के, आणि यंत्र पूर्णपणे निकामी होण्याची ०.००३ टक्के. हे आकडे कानाला नगण्य वाटतात. पण ४,६५,००० जणांनी अपडेट घेतले असे धरून गुणाकार केला, तर पहिल्या प्रकारात सुमारे ७५० आणि दुसऱ्या प्रकारात सुमारे १४ माणसे येतात. ज्याचे हृदय पेसमेकरशिवाय ठोके देतच नाही, त्याला त्या चौदांपैकी एक होणे परवडणार नाही. म्हणूनच अशा रुग्णांचे अपडेट जेथे तात्पुरता पेसमेकर आणि बदलीचे यंत्र हाताशी असेल अशाच ठिकाणी करण्याचा विचार व्हावा, असे डॉक्टरांना कळवण्यात आले होते. दुसऱ्या पारड्यात होता तो शिरकावाचा धोका : प्रयोगाने दाखवता येणारा, पण एकाही रुग्णाच्या बाबतीत घडल्याचे माहीत नसलेला. खबरदारी म्हणून पेसमेकरच काढून नवा बसवणे मात्र कोणीही सुचवले नव्हते, कारण त्या शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्गाचा धोका या दोन्हींपेक्षा मोठा.

मग आपण काय करावे? डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारावा, की माझे हृदय पेसमेकरवर कितपत अवलंबून आहे. अवलंबून नसेल तर पुढच्या नियमित तपासणीच्या वेळी अपडेट करून घेण्यात घाबरण्यासारखे फारसे काही नाही. अवलंबून असेल तर ते कोठे आणि कोणत्या तयारीत केले जाईल हे आधी कळले पाहिजे. आपल्या पत्रातील एक गोष्ट मला खटकली, ती अशी की सहा वर्षांपूर्वी आपण सही केली तेव्हा या यंत्राचे सॉफ्टवेअर पुढे बदलावे लागेल, हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते. शस्त्रक्रियेची संमती त्या दिवसापुरती पुरते. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्राचे तसे नसते, त्यात बदल झाला की धोका आणि लाभ यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. आपल्या अपडेटसाठी वेगळे संमतीपत्र असेल तर ते वाचून सही करावी. नसेल तर ते मागावे.

प्रश्न : मी स्वतः डॉक्टर आहे. इन्सुलिन पंप किंवा डिफिब्रिलेटर घेणाऱ्या रुग्णापुढे 'हॅकिंग' हा शब्द काढला की तो उपचारालाच नकार देईल, अशी मला भीती वाटते. ज्या धोक्याची एकही घटना घडलेली नाही तो सांगणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : डॉक्टर, आपली अडचण मी समजू शकतो. काही वर्षे मी रुग्णालयातील उपकरणांच्या देखभालीचे काम केले आहे. तेथील एका अतिदक्षता विभागात सलाईनमधून औषध सोडणाऱ्या पंपांच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने सर्व्हिसचा पासवर्ड लिहिलेला असे. पट्टी पुसट झाली की कोणीतरी नव्याने ठळक करी. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. रात्रपाळीत पंप अडकला तर कोणालाही तो सुरू करता यावा, इतकेच. त्या पट्टीखालच्या पंपातून ज्या रुग्णाच्या नसेत औषध जात होते, त्याला आपण या सोयीला संमती दिली आहे हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून 'घटना घडलेली नाही' हा निकष मला अपुरा वाटतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ मधील मॉन्टगोमेरी खटल्याचा निकाल येथे उपयोगी पडतो. मधुमेह असलेल्या आणि बांध्याने लहान असलेल्या एका गर्भवतीला, नैसर्गिक प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची नऊ ते दहा टक्के शक्यता डॉक्टरांनी सांगितली नव्हती, कारण सांगितले तर ती शस्त्रक्रियाच मागेल असे त्यांना वाटले. न्यायालयाने ठरवले, की धोका सांगण्याजोगा आहे की नाही याचे माप वैद्यकीय रिवाज नव्हे. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या सुबुद्ध माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, हे माप होय. आपण मांडलेले कारण, म्हणजे 'सांगितले तर नकार देईल', त्या खटल्यातील कारणापासून फार दूर नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणावेसे वाटते. न्यायालयाने टक्केवारीवरच सर्व सोडले नाही हेही खरे. धोक्याचे स्वरूप, त्याचा रुग्णाच्या आयुष्यावरील परिणाम आणि उपलब्ध पर्याय हे सारे पाहावे, असे त्यात म्हटले आहे. त्याच मापाने पाहता प्रत्येक रुग्णापुढे संशोधनपत्रे वाचून दाखवण्याची गरज नाही.

अडचण बरेचदा शब्दांची असते. 'हॅकर आपले हृदय बंद पाडू शकतो' हे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्याचे आहे, तपासणीच्या खोलीतले नव्हे. त्याऐवजी असे सांगता येईल : 'या यंत्रात संगणकासारखे सॉफ्टवेअर आहे. त्यात पुढे दोष सापडू शकतात. सापडले तर आम्ही कळवू, आणि काय करायचे ते आपण मिळून ठरवू. यंत्र नसण्याचा धोका आज त्याहून फार मोठा आहे.' चार वाक्ये, अर्धे मिनिट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये याच विषयावर रुग्णांच्या सल्लागार समितीची बैठक घेतली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये असे दोष रुग्णांना कसे कळवावेत याबद्दल एक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. भाषा सोपी असावी, सूचना वेळेवर मिळावी, आणि रुग्णाने नेमके काय करायचे ते स्पष्ट सांगावे, असा त्याचा आशय आहे.

आणखी एक. कित्येकदा आपल्यालाही ही माहिती पुरवलेली नसते, आणि डॉक्टरांना जे ठाऊकच नाही ते रुग्णापर्यंत पोचणार कसे? २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या कायद्याने इंटरनेटशी जोडता येणाऱ्या नव्या उपकरणांच्या उत्पादकांना, आत वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी आणि विक्रीनंतर दोष दुरुस्त करण्याची योजना मंजुरीच्या अर्जासोबत देणे भाग पडले. उपकरण घेताना रुग्णालयानेही ती यादी मागावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टच्या (तेथील रुग्णालये वगैरे चालवणाऱ्या संस्थांच्या) कामात अडथळा आणला, तेव्हा कोणीही कोणा एका रुग्णाला लक्ष्य केले नव्हते. जुने, दुरुस्त न केलेले संगणक तेवढे सापडले. आपल्या रुग्णाला खरोखर भेडसावणारा धोका बहुधा याच जातीचा असेल.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची आहे आणि इन्सुलिन पंप वापरते. तिचा जुना पंप सुरक्षित नाही म्हणून कंपनीने परत मागवला आहे. ती मात्र तो द्यायला तयार नाही. 'जुन्याच पंपाला मोबाइलवरून आज्ञा देता येतात, नव्याला नाही,' असे तिचे म्हणणे. तिला कसे समजवावे?

उत्तर : समजावण्याआधी ती काय म्हणते ते ऐकून घ्यावे, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. जून २०१९ मध्ये मेडट्रॉनिकने मिनीमेड ५०८ आणि पॅराडाइम मालिकेतील काही पंप परत मागवले. जवळपासच्या कोणालाही वायरलेसने त्यांना आज्ञा देता येत होती आणि अपडेटने तो दोष पुरेसा दूर होण्यासारखा नव्हता. विरोधाभास असा, की मधुमेही तंत्रज्ञांच्या एका गटाने २०१५ पासून याच उघड्या दाराचा उपयोग करून घेतला होता. ग्लुकोज मोजणारा सेन्सर, एक छोटा संगणक आणि हा पंप जोडून इन्सुलिनचे प्रमाण आपोआप कमीजास्त करणारी व्यवस्था त्यांनी घरीच उभी केली, आणि ती कशी करायची हे सर्वांसाठी खुले ठेवले. कंपन्यांची तशी तयार व्यवस्था तेव्हा बाजारात नव्हती. त्या लोकांनी हा दोष ओळखून, त्याचे परिणाम समजून तो पत्करला होता. रुग्णालयांतल्या कित्येक सह्यांपेक्षा ती संमती अधिक माहितीपूर्ण होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

तरीही मुलीच्या बाबतीत माझे मत पंप बदलावा असेच आहे. आज कंपन्यांच्या अशा तयार व्यवस्था मिळतात, त्यामुळे दोष पत्करण्याचे जे मूळ कारण होते ते उरलेले नाही. इन्सुलिन जास्त गेले तर साखर घसरून शुद्ध हरपू शकते; अडवले गेले तर रक्तात आम्ल वाढते; आणि दोन्ही गोष्टी झोपेत घडू शकतात. निर्णय तिच्या डॉक्टरांसमोर, तिला बरोबर घेऊन करावा. सतराव्या वर्षी तिची सही कायद्याला पुरी पडत नसली तरी तिचे मत वगळून घेतलेला निर्णय ती पाळणार नाही. बदल होईपर्यंत एक पथ्य मात्र पाळावे : पंपाचा अनुक्रमांक कोणालाही देऊ नये. या पंपांना आज्ञा देण्यासाठी तोच लागतो. मुले पंपाला स्टिकर लावून त्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकतात, आणि मागच्या बाजूच्या फोटोत अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतो. असे फोटो असतील तर आजच काढून टाकावेत.

प्रश्न : दोन छोटे प्रश्न. पेसमेकरमधील माझ्या नोंदी पोलीस मागू शकतात का? आणि उपकरण बनवणारी कंपनीच बंद पडली तर?

उत्तर : पहिल्याचे उत्तर त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे, पण असे घडलेले आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१६ मध्ये एका गृहस्थांच्या घराला आग लागली. आपण सामान गोळा करून खिडकीतून बाहेर टाकले, असे त्यांनी सांगितले. ते खरे का हे पडताळण्यासाठी पोलिसांनी न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या पेसमेकरमधील ठोक्यांच्या नोंदी मिळवल्या, आणि एवढी धावपळ झाली असती तर ठोके असे राहिले नसते, असे एका हृदयरोगतज्ज्ञाचे मत घेतले. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी त्या नोंदी पुरावा म्हणून वापरण्यास मुभा दिली. पेसमेकर बसवताना या गृहस्थांनी ज्या कागदावर सही केली, त्यात हा उपयोग नमूद असण्याची शक्यता फार कमी.

दुसऱ्याचेही उदाहरण आहे. सेकंड साइट या कंपनीने अंधांसाठी डोळ्यात बसवायचे आर्गस नावाचे उपकरण बनवले. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ते बसवले गेले. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, आणि त्या लोकांच्या डोळ्यांतील यंत्रांना ना दुरुस्ती उरली, ना अपडेट. म्हणून यंत्र निवडताना सॉफ्टवेअरचा आधार किती वर्षांचा आहे हे लेखी मागावे. आपल्याजवळ यंत्राचे ओळखपत्र, मॉडेलचे नाव आणि सध्याच्या सेटिंगची छापील प्रत ठेवावी. पेसमेकरच्या बाबतीत ती प्रत प्रोग्रॅमरवरूनच छापता येते. तपासणी संपताना, चकती छातीवरून उचलण्यापूर्वी, तंत्रज्ञांकडे ती मागून घ्यावी.